उंबऱ्यावरची रंगूवैनी

खेळ पहिल्यांदा वीस जणांना खेळायला दिला, तेव्हा त्यांतल्या अकरा जणांनी एकच प्रश्न लिहून पाठवला. रंगूवैनी कोण?

विशालनं ती यादी माझ्यापुढे ठेवली. "दिपाली, हे कधी घातलंस? मला बोलली नाहीस."

मी काही घातलं नव्हतं. आमच्या खेळात त्या नावाचं माणूस नव्हतं, घाट नव्हता, विहीरसुद्धा नव्हती.

आम्ही दोघं तीन वर्षं हा व्हिडिओ गेम करत होतो. मी कोड लिहायचे, विशाल चित्रं करायचा. तो सणसरचा, मी वालचंदनगरच्या कॉलनीतली. बारामतीत भिगवण रस्त्याला खाली ठिबकच्या नळ्यांचं दुकान आणि वर आमची एक खोली. खेळाचं नाव 'सातपाणी'. एक जलदैत्य नदी अडवतो आणि सात गावं पाण्याखाली जायला लागतात. खेळणारा म्हणजे शेवंता, हातात दांडपट्टा घेतलेली पोरगी. कुठल्या गावात आधी जायचं, कुणाला बाहेर काढायचं, दैत्याशी लढायचं की त्याच्याशी तह करायचा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ठरवून दिलेली वाट नाही. एकानं सोडून दिलेलं गाव दुसरा वाचवतो, आणि दोघांचा शेवट निराळा होतो. आम्हाला त्याचाच अभिमान होता.

सहा गावं आम्ही मनानं रचली. सातवं खरं घेतलं, आंबेथळ. इंदापूर तालुक्यात उजनीचं पाणी चढलं तेव्हा जी गावं गेली, त्यांतलं हे एक. ते घ्यायचं कारण महिपती आबा.

आबा आमच्या कॉलनीला लागून दोन खोल्यांत राहायचे. कारखान्यात पहारेकरी होते, कधीच निवृत्त झालेले. बायको वारली, मुलगा चाकणला. आंबेथळ गेलं तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि गावात नदीवर नाव चालवायचे. तिथून वालचंदनगरला आले ते कायमचे. नंतर त्यांनी नदीत पाय घातला नाही. मी लहान असताना एकदा आम्ही सगळे नरसिंहपूरला गेलो होतो. माणसं संगमावर अंघोळीला उतरली आणि आबा वरच्या पायरीवर उभे राहिले. माझ्या वडिलांकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि पायांवर ओतलं. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

त्यांचा आवाज जाडाभरडा, आणि वाक्य संपवायला ते जरा उशीर लावायचे. खेळातल्या नावाड्यासाठी तसाच आवाज हवा होता. ते मंगळवारी आणि शुक्रवारी अकराच्या एसटीनं बारामतीला यायचे. मी वाक्यं वाचून दाखवायची, त्यांनी ती माइकमध्ये त्यांच्या पद्धतीनं म्हणायची. "चला, बसा, मधे बसा, काठाला रेलू नका." असली शे-दोनशे वाक्यं. मग चहा घेत ते टेबलावर बोटानं गाव काढून दाखवायचे. मारुतीचं देऊळ, कुंभाराची भट्टी, पांढरीवरची, म्हणजे गावठाणाच्या उंचवट्यावरची, घरांची ओळ. कुणाचं दार कुठल्या तोंडाला होतं तेसुद्धा त्यांना पाठ होतं.

त्या ओळीत एक जागा रिकामी राहत होती. नदीकडच्या शेवटच्या दोन घरांच्या मधली. मी विचारलं तर म्हणाले, "तितं काय न्हवतं."

गाव पडद्यावर उभं राहिल्यावर ती जागा दात पडल्यासारखी दिसायला लागली. विशालनं तिथं एक धाब्याचं घर बसवलं. घर रिकामं वाटायला नको म्हणून मी आमच्या तयार पात्रांच्या साठ्यातली एक बाई उंबऱ्यावर बसवली. तिला नाव नव्हतं, बोलणं नव्हतं. गुडघ्यावर हात ठेवून नदीकडे बघत बसायचं, एवढंच तिला येत होतं.

आणि आता वीसपैकी अकरा जण सांगत होते, की नावाडी मध्येच कधीतरी बोलतो, "रंगूवैनी, येतो मी परत. तितंच थांबा."

मी सगळं ध्वनिमुद्रण काढून बसले. एकतिसाव्या फाइलच्या शेवटी ते सापडलं. त्या दिवशी मी खाली चहा सांगायला गेले होते आणि माइक चालू राहिला होता. चार मिनिटं नुसता पंख्याचा आवाज. मग आबांचा श्वास. मग ते वाक्य, अगदी हळू, पण माइकच्या जवळ तोंड नेऊन म्हटलेलं. तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रॅमनं तेही बाकीच्या वाक्यांत टाकून दिलं होतं. म्हणजे चूक माझी होती आणि गूढ काहीच नव्हतं. मी ते वाक्य काढून टाकलं.

मंगळवारी आबांना विचारलं.

"आसंल," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचं तोंड चालूच ऱ्हातं."

पण पोरांनी आधीच ठरवून टाकलं होतं. उंबऱ्यावर बसलेली बाई तीच रंगूवैनी. पाणी चढायला लागलं, की गावातले सगळे घाटाकडे चालायला लागायचे आणि ही एकटी बसून राहायची. तिच्याकडे काहीतरी दडवलेली कामगिरी असणार म्हणून पोरं तिच्यापुढे तासन्‌तास उभी राहायची. ती उठत नव्हती याचं कारणही मला सापडलं. घाटाकडे जायच्या वाटेला ते घर जोडायचंच राहिलं होतं. मी जोडलं. तरी ती उठेना.

त्याच सुमारास आबा स्वतः खेळायला लागले. विशालनं त्यांच्या हातात कंट्रोलर दिला आणि डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं बघायचं, एवढं शिकवलं. लढाईत त्यांना रस नव्हता. दैत्याची पिलावळ दिसली की ते शेवंताला मागं फिरवायचे. ते फक्त आंबेथळात चालायचे. मारुतीच्या पारावर जाऊन उभे राहायचे, भट्टीला वळसा घालायचे. त्यांचा चेहरा तेव्हा इतका उघडा व्हायचा, की मी मान फिरवून माझ्या कामाला लागायचे.

एका शुक्रवारी ते ओळीच्या टोकाला गेले आणि थांबले.

"दिपा, ही बाई कुनी बसवली?"

"मीच, आबा. घर रिकामं दिसत होतं."

"काढ तिला."

"पोरांना आवडलीय ती."

"काढ म्हनतो ना." त्यांनी आवाज चढवला नाही, पण कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला.

मी काढली. त्यांच्यासमोरच. तशीही ती नीट चालत नव्हती.

पुढच्या मंगळवारी आबा परत त्या घरापुढे थांबले. "आगं, काढ म्हटलं हुतं की."

मी खुर्ची सरकवून पाहिलं. उंबरा रिकामा होता. दार उघडं, आत अंधार, उंबऱ्यावर ऊन.

"काढलीय, आबा."

"मग ही काय?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. काचेवर बोटाचा ठसा उमटला. ठशाखाली मला नुसता दगड दिसत होता.

मी विशालकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. आबांचे डोळे तपासायला हवेत, असं तो नंतर मला म्हणाला. मलाही तेच बरं वाटलं.

आबांनी काचेवरचा ठसा बाहीनं पुसला. मग म्हणाले, "तुमच्या ह्या खेळात मानूस पायजे तसं करू शकतो म्हनतीस. नाव तितं निऊन तिला आनता यील का?"

मी हो म्हटलं. अर्ध्या तासाचं काम होतं. नावाडी स्वतः खेळणाऱ्याच्या हातात द्यायचा, नाव त्या उंबऱ्यापर्यंत नेता येईल असं पाणी वाढवायचं. आमचा एक नियम तोवर पक्का होता : काठावर कुणी वाट बघत उभं असेल तरच नाव तिकडे जाते. आबांसाठी मी तेवढा तो नियम सैल केला.

त्यांनी नाव नेली. उंबऱ्याला लावली. थांबले. परत आणली. पुन्हा नेली. मी मोजत होते, चौदा वेळा. रिकामी नाव रिकाम्या दाराशी जात होती आणि रिकामी परत येत होती.

"चढत न्हाय," ते म्हणाले. "बघती नुसती माझ्याकडं."

ते गेल्यावर मी नियम होता तसा पक्का करून टाकला. हे मी अगदी नीट सांगते, कारण पुढचं मला अजून नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-साडेबाराला मी एकटीच होते. विशाल छपाईवाल्याकडे गेला होता. मी आंबेथळ उघडून पाणी चढण्याचा वेग तपासत होते. गाव रिकामं झालेलं, माणसं पलीकडे पोचलेली, नाव घाटाला लागलेली. मी हात कीबोर्डवरून काढून डबा उघडला. आणि नाव निघाली.

कुणी बोलावलं नव्हतं. नावाडी वल्हं मारत ओळीच्या टोकाला गेला, त्या उंबऱ्याशी नाव उभी केली आणि तोंड वर करून वाट बघत राहिला. कुणी उभं असेल तरच नाव जाते, हा नियम माझ्या हातचा होता. मी आत कोडमध्ये जाऊन पाहिलं. प्रोग्रॅम सांगत होता, आंबेथळ, वाट बघणारी माणसं : एक.

मी डबा तसाच ठेवून खाली गेले आणि दुकानासमोर नळ्यांच्या वेटोळ्यांपाशी उन्हात उभी राहिले. दुकानातल्या माणसानं विचारलं, "मॅडम, लाइट गेली का?" मी हो म्हटलं.

संस्कृती आली ती त्याच आठवड्यात. ती आमच्या वीस जणांतली होती. बारामतीत शिकते, घर इंदापूरजवळच्या नव्या आंबेथळात. ज्यांची मूळ घरं त्या गावातली होती अशी दोन-तीन पोरं आम्ही मुद्दाम घेतली होती, गाव जमलंय का ते सांगायला. ती पाठीवरची सॅकसुद्धा न काढता बसली.

"मॅडम, नावाड्याचा आवाज कुणाचा आहे?"

मी सांगितलं.

"माझ्या वडिलांच्या आईचं नाव रंगूबाई. गावात सगळे रंगूवैनी म्हणायचे." तिनं घसा साफ केला. "घरात तिचं नाव घेत नाहीत. पाणी आलं त्या वर्षी ती एका मुकादमाबरोबर पळून गेली. माझे वडील चार वर्षांचे होते तेव्हा. आजोबांनी दुसरं लग्न केलं. वडिलांना शाळेत पोरं चिडवायची म्हणून त्यांनी चौथीतच शाळा सोडली. मी खेळात ते वाक्य ऐकलं आणि रेकॉर्ड करून वडिलांना ऐकवलं. त्यांनी माझा मोबाइल काढून घेतला. दोन दिवस दिला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, त्या माणसाला विचारून ये, ती कुठं थांबली होती."

मी तिला चहा दिला. संध्याकाळच्या एसटीनं मी वालचंदनगरला गेले.

आबा ओट्यावर बसून मेथी निवडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकत्र केली.

"गेण्याची पोरगी?"

"हो."

"गेण्या तवा झोपला हुता," ते म्हणाले. "पत्र्याच्या शेडात. पोरगं उठायच्या आत येती म्हनाली."

मग ते बोलत गेले.

गावाला चारी बाजूंनी पाणी लागलं होतं. पांढरीचा उंचवटा तेवढा कोरडा होता. माणसं आठ दिवस आधीच वर माळावर शेडात राहायला गेली होती. रंगूवैनीचं आणि तिच्या नवऱ्याचं आदल्या दिवशी भांडण झालं, कारण त्यानं जातं खालीच ठेवलं होतं. जड म्हणून. ते तिच्या आईनं दिलेलं. सकाळी ती महिपतीच्या नावेत बसून गावात गेली. दोघांनी मिळून जात्याच्या दोन्ही दगडी तळ्या दारापासून नावेपर्यंत लोटत आणल्या. नाव लहान. त्यात दुसऱ्या कुणाच्या तुळयाही घेतल्या होत्या. तिला घेतलं असतं तर नाव बुडाली असती.

"मी म्हनालो, रंगूवैनी, येतो मी परत, तितंच थांबा. ती उंबऱ्यावर बसली. मी जातं काठाला उतरवलं. भाकर खाल्ली. तवर वारं सुटलं. लाटा अशा." त्यांनी गुडघ्याच्या वर हात धरला. "म्हटलं, वारं पडू दे. तासाभरानं जातो. वारं पडंना. मला भ्या वाटलं, दिपा. रोज नाव चालवायचो मी, पर त्या दिवशी भ्या वाटलं. दिवस कलल्यावर तिनं धाब्यावर चढून काठीला लुगडं बांधलं. हिरवं. हालवत हुती. कुनाला दिसलं न्हाय, सगळी शेडाच्या पल्याड. मला दिसत हुतं."

"मग?"

"मग दिवस बुडला."

सकाळी महिपती नाव घेऊन गेला, तेव्हा पाणी धाब्याच्या वर होतं आणि काठी नव्हती. पलीकडून उथळ पाण्यातून निघून गेली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दोन दिवसांनी गावात बोललं जायला लागलं, की मुकादमाबरोबर गेली. मुकादम त्याच आठवड्यात काम सोडून गेला होता, म्हणून ते जुळलं. "मला बरं वाटलं ते ऐकून," आबा म्हणाले. "खरंच तसं झालं आसंल म्हटलं. मग मीबी तसंच बोलाय लागलो. चार मानसांत. येकदा न्हाय, लई वेळा."

मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या पोरीला तू सांगशील?"

"नाही, आबा. तुम्ही सांगायचं. तिच्या वडिलांना, गेणूभाऊंना. मी सोबत येते."

"न्हाय आलो तर?"

"तर मी सांगेन. पण मग तुमचं सांगायचं राहील."

रविवारी सकाळी आम्ही दोघं नव्या आंबेथळला गेलो. गेणूभाऊंची पेरूची बाग आहे. झाडाखाली ताडपत्री अंथरून ते आणि त्यांच्या घरची माणसं पेरूला फोमची जाळी घालून क्रेट भरत होती. संस्कृतीनं आम्हाला पाणी दिलं. आबा ताडपत्रीच्या कडेला खाली बसले, खुर्ची दिली ती घेतली नाही. मला सांगितलं होतं तेच सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं. भीतीसुद्धा. लुगडंसुद्धा.

गेणूभाऊंचे हात थांबले नाहीत. एक पेरू, एक जाळी. ते उंच, पन्नाशीचे, केस पांढरे झालेले. आबांचं बोलून झालं तरी त्यांनी आणखी दहा-बारा पेरू भरले.

"जातं तुमी उतरवलं काठाला?"

"व्हय."

"आमच्या दारात हाय ते. बा म्हनायचा, जातं काठावर टाकून गेली. जाताना पोराचं तोंडबी बघितलं न्हाय." त्यांनी क्रेट बाजूला सरकवला. "लुगडं किती वेळ दिसत हुतं?"

"दिवस बुडंस्तवर."

"म्हंजे किती?"

आबांनी मान खाली घातली. "दोन तास. जास्तच."

गेणूभाऊ उठले, नळावर हात धुतले आणि घरात गेले. आम्ही बसून राहिलो. पेरूचा वास, माश्या, मागे कुठंतरी ट्रॅक्टर. संस्कृतीच्या आईनं आम्हाला जेवा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. अर्ध्या तासानं ते बाहेर आले. डोळे लाल होते, पण आवाज साफ होता.

"तात्या, पुढच्या रविवारी मी भावकी बोलावतो. मारुतीपुढं. जे आत्ता बोलला ते तितं बोलायचं. येक शबूद कमी करायचा न्हाय."

"यतो," आबा म्हणाले.

ते गेले. मीही गेले. तीस-चाळीस माणसं होती, बायकाही. सकाळचे अकरा वाजले होते, मंडपाला सावली कमी होती, म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. आबा उभे राहून बोलले. मध्ये एकदा त्यांचा आवाज गेला, तेव्हा कुणी पाणी दिलं नाही. ते थांबले, गिळलं आणि पुढे बोलले.

त्यांचं बोलून झालं. मग बायकांतून भागूबाई उठल्या. गेणूभाऊंच्या आत्या, रंगूबाईंची नणंद. ऐंशीच्या पुढच्या. काठी टेकत आबांपर्यंत आल्या. मला वाटलं, आता काठी उगारणार. संस्कृतीलाही तसंच वाटलं असावं, तिनं माझा हात धरला.

"हाक मारली का रं तिनं?" भागूबाईंनी विचारलं.

"वारं उलटं हुतं, आत्या. ऐकू आलं न्हाय."

"आलं असतं तर?"

भागूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मग तिथंच जमिनीवर बसल्या. "मी काय काय बोलले तिला," त्या म्हणाल्या. "ह्या तोंडानं काय काय बोलले." दोघी सुना त्यांना उठवायला आल्या, पण त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

गेणूभाऊंनी वैशाखात आईचं दिवसकार्य सगळं केलं, सेहेचाळीस वर्षांनी. पाणी तेव्हा उतरलेलं असतं. एका मच्छीमाराच्या होडीतून ते, संस्कृती आणि भागूबाईंचा मुलगा आत गेले. पांढर कुठं होती ते आबांनी आधी कागदावर काढून दिलं होतं, पण त्यांना कुणी बोलावलं नाही. तिथं चिखल होता आणि दगडांची एक ओळ होती, असं संस्कृतीनं मला सांगितलं. घरं ओळखू येत नव्हती.

तिनंच मला एक मागितलं. "मॅडम, आजीला परत बसवा. पण पाणी चढलं की तिनं उठून यायला पाहिजे. पहिल्या नावेत."

मी बसवली. या वेळी ती नवी बाई होती, विशालनं भागूबाईंना विचारून विचारून केलेली. रंगानं सावळी, उजव्या भुवईवर व्रण. पाणी चढायला लागलं की ती उठते, दार ओढून घेते आणि सगळ्यांच्या आधी घाटावर येते. हजार वेळा तपासलं. दर वेळी येते. खेळ दिवाळीत बाहेर पडला, तो याच रंगूवैनीसह. लोकांना आंबेथळ आवडलं. तिथं काही वावगं दिसल्याचं कुणी लिहिलेलं नाही.

आबा मधले कित्येक महिने आले नव्हते. मी घरी गेले की दाराआडून बोलायचे. मार्गशीर्षात एका शुक्रवारी अकराच्या एसटीनं ते आले, जिना चढून दम खाल्ला आणि म्हणाले, "लाव जरा."

मी लावलं. त्यांनी आंबेथळात शेवंताला सरळ ओळीच्या टोकाला नेलं आणि थांबवलं. माझ्या पडद्यावर रंगूवैनी त्या वेळी पारावर बायकांत बसलेली होती. उंबरा रिकामा होता. आबा त्या रिकाम्या उंबऱ्याकडे बघत राहिले.

"आहे का?" मी विचारलं.

"हाय की." त्यांनी अंगठा हलवला, जरा कडेनं बघितलं, परत समोर आणलं. "आता पाठमोरी बसती."

त्यांनी कंट्रोलर ठेवला. टेबलावर गेणूभाऊंच्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका पडली होती, सकाळीच संस्कृती देऊन गेली होती. आबांनी ती उचलली, चष्मा लावला आणि एकेका ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. वर गणपती, मग कुलदैवत, मग वडीलधाऱ्यांची नावं. 'कै. रंगूबाई' इथं बोट आलं आणि तिथंच राहिलं. खाली दुकानात कुणीतरी नळीचं वेटोळं आपटलं, तरी हललं नाही.

"मला दिली न्हाय त्यांनी," ते म्हणाले.

"माहीत आहे, आबा."

"बराबर केलं." त्यांनी पत्रिका घडीवर घडी घालून जागेवर ठेवली. "तू जानार?"

"जाणार."

"जा. जेवून ये," आबा म्हणाले, आणि एकच्या एसटीसाठी पिशवी घेऊन उठले.